गाडी एका बाजूला का खेचते? कोकणातल्या गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी खेचते म्हणजे नेमकं काय? स्टिअरिंग वाकडं दिसणं म्हणजेच खेचणं का?

नाही. निम्मी गल्लत इथेच होते. सरळ आणि सपाट रस्त्यावर स्टिअरिंगवरची पकड सैल केली की गाडी आपोआप एका बाजूला जायला लागते आणि तिला सरळ ठेवायला हाताने सतत जोर द्यावा लागतो, याला खेचणं म्हणायचं. गाडी सरळ चालते, हाताला काही जाणवत नाही, पण स्टिअरिंगवरचं कंपनीचं चिन्ह तिरकं दिसतं, हा वेगळा दोष. तो बहुतेक वेळा टाय रॉडच्या (स्टिअरिंगपासून चाकाला जोडणाऱ्या दांड्याच्या) सेटिंगचा असतो, नाहीतर मागच्या चाकांची दिशा चुकल्याचा. तिसरा प्रकार भरकटण्याचा: गाडी कधी डावीकडे, कधी उजवीकडे जाते. तिथे बॉल जॉइंट, टाय रॉड एन्ड किंवा स्टिअरिंग रॅकमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, आलेला असतो.

गॅरेजमध्ये तिन्हींसाठी "गाडी साइड मारते" एवढंच सांगितलं जातं आणि तिन्हींवर अलाइनमेंट, म्हणजे मशिनवर चाकांचे कोन सेट करणं, हाच उपाय होतो. त्यातल्या एकाच प्रकाराला तो नेमका लागू पडतो.

सुरुवात कुठून करायची?

गाडी कधी खेचते, तिथून. नेहमीच, की फक्त ब्रेक मारल्यावर? की जोरात अॅक्सिलरेटर दिल्यावर? पंधरा-वीस मिनिटं चालल्यावर सुरू होतं का? वळण घेतल्यानंतर त्याच बाजूला जात राहते का? या पाच प्रश्नांची उत्तरं मिळाली की तपासायच्या भागांची यादी दोन-तीन भागांवर येते. त्यानंतर फुकटातली तपासणी आधी आणि खर्चाची नंतर: हवा, टायरची अदलाबदल, चाकांची उष्णता, सस्पेन्शनचा प्ले, आणि सगळ्यात शेवटी अलाइनमेंट.

किनाऱ्यालगतच्या गाड्यांच्या बाबतीत एक गोष्ट ठामपणे सांगता येते. खारी हवा, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी हे तिन्ही एकत्र आले की पहिला संशय अडकलेल्या ब्रेकवर घ्यावा. अलाइनमेंटचा नंबर त्यानंतर.

माझी गाडी डावीकडेच जराशी जाते. हा दोष आहे का?

बहुधा नाही. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला मध्यापासून कडेकडे उतार दिलेला असतो. जास्त पावसाच्या भागात डांबरी रस्त्याला साधारण २.५ टक्के, म्हणजे एका मीटरला अडीच सेंटिमीटर. आपण डाव्या बाजूने चालवतो, त्यामुळे पकड सैल केल्यावर गाडी हळूहळू गटाराच्या बाजूला सरकणं स्वाभाविक आहे. चौपदरी मुंबई-गोवा महामार्गावरही सहसा तेच होतं, कारण तिथे प्रत्येक बाजूचा रस्ता बाहेरच्या कडेकडे उतरता असतो. त्यामुळे तिथून जाऊन परत येऊन काही कळत नाही, दोन्ही वेळा गाडी डावीकडेच जाणार.

हात सैल सोडून चार-पाच सेकंदांत गाडी सावकाश डावीकडे झुकली तर काळजी नको. दोन सेकंदांत पट्टा ओलांडू लागली, किंवा डाव्या उतारावरही उजवीकडे जाऊ लागली, तर दोष नक्की आहे.

मग टेस्ट घ्यायची कुठे?

सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर. कातळसड्यावरचे गावाकडचे सरळ रस्ते आपल्याकडच्या सगळ्यात सपाट जागा. दुपारच्या वेळी तिथे वर्दळही नसते. एकपदरी रस्त्याच्या बरोबर मध्यावर गाडी घ्या, म्हणजे उताराचा परिणाम दोन्ही चाकांवर सारखा होतो. वेग ४० ते ५०, समोर-मागे कोणी नाही याची खात्री, आणि हात स्टिअरिंगपासून बोटभर अंतरावर. हात मांडीवर ठेवायचे नाहीत. एकाच दिशेने तीनदा आणि उलट दिशेने तीनदा घ्या. दिशा बदलल्यावर ओढही बदलली तर रस्ता किंवा वारा, न बदलली तर गाडी.

वाऱ्याचं विसरू नका. जून ते ऑगस्टमध्ये खाडीपुलावर समुद्राकडून येणारा वारा उंच गाडीला चांगलाच ढकलतो. पुलावर जाणवलेली ओढ दोष म्हणून धरू नये.

पुळणीवर मात्र टेस्ट घेऊ नका. वाळूत चाकं कशीही ओढली जातात, आणि खाऱ्या पाण्याचा शिडकावा ब्रेकवर बसतो तो वेगळाच.

हवेने इतका फरक पडतो का?

पडतो. पुढच्या दोन टायरांत ४-५ पीएसआयचा फरक असला तरी गाडी कमी हवेच्या बाजूला ओढते, कारण मऊ टायर जमिनीला जास्त घासतो आणि ती बाजू किंचित खालीही बसते. पुढच्या चाकांचा परिणाम मागच्यांपेक्षा कितीतरी जास्त.

हवा टायर थंड असताना बघायची, म्हणजे गाडी तीन तास उभी असताना किंवा दोन-तीन किलोमीटरच्या आत चाललेली असताना. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या किंवा पेट्रोल टाकीच्या झाकणामागच्या स्टिकरवर असतो. टायरवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे, ती भरू नये. पंपावरचे गेज एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून स्वतःचं एक साधं गेज डिकीत ठेवा. आकडा एक-दोन पीएसआयने चुकला तरी चालेल, पण चारही टायर एकाच गेजने मोजलेले हवेत.

एकच टायर दर आठवड्याला उतरत असेल तर पंक्चरच शोधत बसू नका. जुन्या लोखंडी रिमच्या कडेला गंज धरला की टायर नीट बसत नाही आणि तिथून हवा झिरपते. टायर उतरवून रिमची कड तारेच्या ब्रशने साफ केली की ते थांबतं.

हवा बरोबर आहे तरी खेचते. टायर खराब आहे हे कसं ओळखायचं?

पुढचे दोन टायर डावे-उजवे अदलाबदल करा. हीच सगळ्यात खात्रीची आणि सगळ्यात कमी केली जाणारी तपासणी. आधी खडूने टायरवर डावा आणि उजवा लिहा, अदलाबदल करा, हवा पुन्हा सारखी करा आणि त्याच रस्त्यावर त्याच दिशेने चालवा.

ओढ उलट बाजूला गेली तर दोष या दोनपैकी एका टायरमध्ये आहे. ओढ होती तशीच राहिली तर पुढचे टायर निर्दोष, ब्रेक आणि सस्पेन्शनकडे वळा. ओढ नाहीशी झाली तरी टायरच कारण होते, फक्त आता दोघांचे दोष एकमेकांना कापतात. कोणता टायर ते ठरवायला एकेक करून मागच्या टायरशी बदला.

टायर बाहेरून अगदी नवा दिसत असूनही खेचतो, याचं कारण आत असतं. रेडियल टायरमधला स्टीलचा पट्टा किंचित एका बाजूला सरकून बसला की टायर गोल चाकासारखा न फिरता शंकूसारखा फिरतो. निमुळता पेला आडवा करून ओट्यावर ढकलून बघा. तो सरळ न जाता अरुंद तोंडाच्या बाजूला वळत जातो. टायरचंही तसंच. असा टायर मागे टाकला तर ओढ फारशी जाणवत नाही, म्हणून तो फेकायची गरज नसते.

टायरच्या बाजूवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर डावे-उजवे बदलू नका. त्याच बाजूचा पुढचा-मागचा बदलून बघा.

फुगवटा आलेला किंवा हळू वेगात लचकत चालणारा टायर मात्र तपासत बसण्याचा नव्हे. आतला पट्टा सुटलेला असतो आणि तो कधीही फुटू शकतो. वयही बघा: टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते, २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा.

टायरची झीज बघून काय कळतं?

बरंच. दोन्ही कडा झिजल्या, मध्य शाबूत: हवा कमी ठेवली जाते. मध्य झिजला: हवा जास्त. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड झिजली: कॅम्बर (चाकाचा उभा कल) किंवा टो (वरून बघताना चाकं आत-बाहेर वळलेली असणं) बिघडलाय. तळहात टायरवर आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखा लागला तर टो चुकलाय. ही तपासणी डोळ्याने होत नाही, हातानेच करायची, आणि आधी बाहेर आलेल्या तारा नाहीत ना ते बघून.

कायद्याने किमान खाच १.६ मिलिमीटर आहे. कोकणातल्या पावसाला ती पुरत नाही. ३ मिलिमीटरला टायर बदलणं शहाणपणाचं.

फक्त ब्रेक मारल्यावर खेचते. कुठली बाजू खराब?

गाडी ज्या बाजूला जाते त्याच्या विरुद्ध बाजूकडे आधी बघा. ब्रेक मारल्यावर गाडी उजवीकडे गेली याचा अर्थ उजवं चाक जास्त धरतंय, आणि ते जास्त धरतंय कारण डावं धरतच नाही. उजवीकडचा ब्रेक चकाचक साफ करून गाडी परत देणारे पुष्कळ भेटतात, दोष डावीकडे तसाच राहतो.

डावं न धरण्याची कारणं: कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन गंजून अडकलेला, कॅलिपरच्या पिना जाम, पॅडवर ग्रीस किंवा तेल लागलेलं, होज पाइप आतून बंद झालेला, किंवा लाइनमध्ये हवा. पॅडवर तेल गेलं असेल तर धुऊन चालत नाही, दोन्ही बाजूंचे पॅड एकत्र बदला. एकाच बाजूचे नवे पॅड टाकणं म्हणजे खेचण्याला स्वतःहून आमंत्रण.

रात्रभर पावसात उभी राहिलेली गाडी सकाळी पहिले तीन-चार ब्रेक खरखरत किंवा थोडी खेचत असेल तर घाबरू नका. डिस्कवर गंजाचा पातळ लाल थर आलेला असतो, पॅड तो पुसून काढतात. पाच-सहा ब्रेकनंतरही तसंच राहिलं तर मात्र चाक खोला.

ब्रेक न मारताही खेचते आणि अंतर वाढलं की जास्त खेचते. हे काय?

हा अडकलेला ब्रेक. आपल्याकडचा सगळ्यात जास्त भेटणारा दोष. पॅड डिस्कला घासत राहतात, चाक तापतं, गाडी त्याच चाकाच्या बाजूला ओढते. सोबत मायलेज पडतं, न्यूट्रलमध्ये गाडी लवकर थांबते, आणि कधी कधी करपल्यासारखा वास येतो.

सपाट रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर शक्य तितके कमी ब्रेक मारत जा, शेवटी गाडी आपोआप मंदावू द्या आणि हँडब्रेकने थांबवा. उतरून दोन्ही पुढच्या रिमजवळ तळहात न्या, डिस्कला हात लावू नका. एक कोमट आणि एक तापलेलं असेल तर निकाल लागला. बंदुकीसारखं तापमान मोजायचं यंत्र असेल तर दोन्हीकडे एकाच जागी मोजा. ३०-४० अंशांचा फरक म्हणजे अडकलेलंच समजा. ही तपासणी कुंभार्ली उतरून पोफळीला किंवा आंबा उतरून साखरप्याला करू नका, घाटाखाली सगळीच चाकं तापलेली असतात.

कारण मात्र जवळून बघण्यासारखं आहे. कॅलिपर दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. पिनांवर रबरी भाते असतात. भाता चिरला की खारं दमट पाणी आत जातं, ग्रीस धुऊन जातं आणि पिनेवर गंजाचे फोड येतात. पिन निम्मी सरकून थांबते. मग दोनपैकी एकच पॅड काम करतो. चाक काढल्यावर आतला पॅड नखाएवढा पातळ आणि बाहेरचा जवळजवळ नवा दिसला, तर पिना किंवा पॅडच्या खाचा अडकल्यात हे न सांगता कळतं. दुसरी जागा म्हणजे पॅडचे कान बसतात त्या ब्रॅकेटच्या खाचा. तिथल्या स्टीलच्या पट्टीखाली गंज फुगतो, खाच अरुंद होते आणि पॅड पाचरीसारखा घट्ट बसतो. सर्व्हिसिंगमध्ये "ब्रेक क्लीन केले" म्हणून नुसता स्प्रे मारला जातो, ही पट्टी कोणी काढत नाही.

पिना साफ करायची पद्धत काय?

हाताला सवय असेल तरच घरी करा. चाक काढा, कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचला. पूर्ण उतरवला तर तारेने स्प्रिंगला बांधून ठेवा. होज पाइपवर लोंबकळत ठेवला की पाइप आतून फाटतो. पिना ओढून काढा, जुनं ग्रीस पुसा, गंज बारीक पॉलिश पेपरने घासा. पिनेवर खड्डे पडले असतील तर पिन बदला. रबरी भाते चिरलेले असतील तर तेही. ब्रॅकेटवरच्या पट्ट्या काढून खालचा गंज कानशीने आणि तारेच्या ब्रशने चकचकीत धातू दिसेपर्यंत काढा.

ग्रीस सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठीच असलेलं वापरा. बेअरिंगचं पिवळं किंवा काळं साधं ग्रीस पेट्रोलियमपासून बनतं, त्याने रबर फुगतं आणि महिन्याभरात पिन पुन्हा जाम होते. थर पातळ द्या, भरपूर ग्रीसने पिनेमागे हवा कोंडते.

पिस्टन सी-क्लॅम्पने सावकाश मागे दाबा आणि दाबताना बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीवर लक्ष ठेवा, ते वर येऊन सांडतं. पिस्टनवरचं रबर फाटलेलं आणि खाली गंज दिसला तर तो नुसता दाबून भागणार नाही, किट टाकावं लागेल. बोल्ट पुस्तिकेतल्या मापाने आवळा. आणि गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहा. पहिला ब्रेक थेट तळाला जातो, तो अंगणातच जाऊ दे.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. आपल्या हवेत दोन वर्षांत ते बदलाच. झाकणावर डॉट ३ की डॉट ४ लिहिलंय ते बघून तेच भरा.

पिना मोकळ्या आहेत तरी चाक अडकतं?

होज पाइप बघा. रबरी पाइप बाहेरून ठीक दिसतो पण आतून सुजतो. पेडलच्या जोराने ऑइल पुढे जातं, सोडल्यावर परत येत नाही. चाक अडकलेलं असताना कॅलिपरचं ब्लीडिंग निपल थोडं सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर दाब कोंडलाय, बहुधा होजमध्ये. तरीही अडकलेलंच राहिलं तर पिस्टन किंवा पॅड यांत्रिकपणे जाम आहे. होज बदलायचा तर दोन्ही बाजूंचा बदला. नंतर ब्लीडिंग, म्हणजे लाइनमधली हवा काढणं, आलंच.

गाडी गावच्या घरी उभी असते. गणपतीला बाहेर काढली की खेचते. काय करावं?

मुंबईकरांच्या घरोघरच्या गाडीची हीच तक्रार. शिमग्यानंतर झाकून ठेवलेली गाडी थेट भाद्रपदात निघते, म्हणजे सगळा पावसाळा उभी. तीन गोष्टी झालेल्या असतात: हवा उतरलेली, टायर एका जागी चपटे झालेले, आणि ब्रेक धरलेला. चपटेपणा सहसा पंधरा-वीस किलोमीटरमध्ये जातो. ब्रेक आपोआप सुटेल अशी आशा ठेवू नका.

उभी करून ठेवताना हँडब्रेक लावू नका. ड्रमला लायनर चिकटतात आणि केबल आत गंजते. सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ओंडके लावा. ऑटोमॅटिक असेल तर पार्किंगमध्ये. हवा नेहमीपेक्षा ४-५ पीएसआय जास्त भरा. प्लास्टिकचा कागद गाडीला गुंडाळू नका, खाली ओल कोंडते. पडवीची सावली आणि खेळती हवा बरी. शेजारी कोणी असेल तर पंधरा दिवसांनी गाडी पाच-सहा किलोमीटर फिरवून आणायला सांगा. नुसतं इंजिन सुरू करून बंद केल्याने ब्रेकला काहीच फायदा नाही.

दाभोळ-धोपावे किंवा आगरदांडा-दिघीसारख्या फेरीबोटीने नेहमी जाणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा चाकांच्या आतल्या बाजूला गोड्या पाण्याचा पाइप मारावा.

गाडी पुराच्या पाण्यात उभी होती. त्यानंतर खेचायला लागली.

२२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरासारख्या पाण्यात गाळ मागच्या ड्रममध्ये आणि बेअरिंगमध्ये जातो. ड्रम उघडून गाळ धुवा, व्हील सिलिंडरची रबरं उचलून बघा, लायनर भिजून सुटले असतील तर बदला. बेअरिंगचा घूं घूं आवाज काही आठवड्यांनी सुरू होतो, म्हणून लगेच आवाज नाही यावर समाधान मानू नका. ब्रेक ऑइल पूर्ण बदला.

अलाइनमेंट दोनदा केलं, तरी खेचते. का?

कारण बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांचा फक्त टो बदलता येतो, आणि समोरचा टो चुकल्याने गाडी सहसा खेचत नाही. स्टिअरिंग तिरकं होतं, टायर झिजतात. खेचण्याला कारणीभूत असतात ते कॅम्बर आणि कॅस्टर. कॅम्बर म्हणजे समोरून बघताना चाकाचा आत-बाहेर कल, कॅस्टर म्हणजे बाजूने बघताना स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कल. ज्या चाकाचा वरचा भाग बाहेरच्या बाजूला जास्त झुकलाय त्या बाजूला गाडी ओढते. कॅस्टर ज्या बाजूला कमी त्या बाजूला ओढते. हे दोन्ही कोन बिघडतात ते वाकलेल्या भागामुळे. मशिनने ते फक्त दिसतात, सरळ होत नाहीत.

म्हणून छापील रिपोर्ट मागा, आधीचा आणि नंतरचा, दोन्ही. डाव्या-उजव्या कॅम्बरमधला फरक अर्ध्या अंशापेक्षा जास्त असेल, किंवा कॅस्टरमधला, तर कारण तिथेच. मागच्या चाकांचेही आकडे असावेत. मागचा अक्ष तिरका असेल तर गाडी खेकड्यासारखी किंचित आडवी चालते आणि पुढे कितीही सेटिंग केलं तरी स्टिअरिंग वाकडंच राहतं.

अलाइनमेंटला जाण्याआधी हवा बरोबर करा, डिकीतलं सामान काढा. टाय रॉड एन्ड किंवा लोअर आर्मचा बुश ढिला असेल तर आधी तो बदला. ढिल्या सांध्यांवर केलेलं सेटिंग पहिल्याच खड्ड्यात जातं.

स्टिअरिंग सरळ करायला ते खोलून पुन्हा बसवलं. चालेल का?

नाही. ते दोन्ही बाजूंचे टाय रॉड सारखे फिरवून सरळ करायचं असतं. स्टिअरिंग काढून दात्यांवर सरकवून बसवलं तर रॅकचा मध्य चुकतो, डावं आणि उजवं वळण असमान होतं, कोन मोजणारा सेन्सर चुकीचं वाचतो, आणि एअरबॅगची जोडणी उगाच हलते. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत सेन्सरचा शून्यबिंदू हलला तर मोटरच एका बाजूला किंचित मदत करत राहते. बॅटरी काढल्यानंतर किंवा अलाइनमेंटनंतर लगेच ओढ सुरू झाली असेल तर स्कॅनर लावून शून्यबिंदू पुन्हा सेट करून घ्या.

पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक आदळलं. काय तपासू?

रिमची आतली कड, टायरची बाजू, लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा), टाय रॉड आणि स्ट्रट (स्प्रिंगसकट शॉक अॅब्सॉर्बर), याच क्रमाने. गाडी सपाट जागी लावून टेपने पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. फरक एक सेंटिमीटरहून जास्त आला तर आर्म वाकलाय किंवा क्रॉस मेंबर सरकलाय. मग चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कमानीपर्यंत मोजा. एक बाजू सेंटिमीटरभर खाली असेल तर स्प्रिंगची खालची वेटोळी बघा. गंजून मोडलेला तुकडा तिथेच बसून राहतो आणि वरून दिसत नाही.

प्ले बघायला चाक उचलून घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा: हाललं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. नऊ आणि तीनच्या जागी हाललं तर टाय रॉड.

जॅक लावताना चिरा टेकू म्हणून चालेल ना?

कधीही नाही. जांभ्याचा चिरा वरून भक्कम वाटतो, पण गाडीचं वजन लोखंडाच्या लहानशा टोकावर आलं की तो न सांगता फुटतो. भिजलेला तर आणखी ठिसूळ. लोखंडी जॅकस्टँड वापरा, आणि पावसाळ्यात लाल मातीवर जॅकखाली जाड फळी घाला. स्टँड नसेल तर गाडीखाली हात घालू नका.

उजवं वळण घेतलं की उजवीकडे आणि डावं घेतलं की डावीकडे जात राहते.

स्ट्रटच्या वरचं बेअरिंग अडकलंय, किंवा बॉल जॉइंट घट्ट झालाय. गाडी उभी असताना कोणालातरी स्टिअरिंग फिरवायला सांगा आणि बॉनेट उघडून स्प्रिंगवर अलगद हात ठेवा. स्प्रिंग सुरळीत फिरायच्या ऐवजी ताणून झटक्याने उडी मारत असेल तर बेअरिंग गेलं.

जोरात अॅक्सिलरेटर दिल्यावरच खेचते.

पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांत, विशेषतः टर्बो डिझेलमध्ये, हे थोडं असतंच, कारण दोन ड्राइव्ह शाफ्टची लांबी असमान असते. पूर्वी नव्हतं आणि आता आलं असेल तर इंजिन माउंटिंग आणि लोअर आर्मचे बुश बघा.

पावसात डबक्यातून जाताना एकदम एका बाजूला ओढली.

ज्या बाजूचं चाक पाण्यात, त्या बाजूला पाणी चाकाला अडवतं. हा दोष नाही. दोन्ही हातांनी पकड घट्ट ठेवा, अॅक्सिलरेटर सोडा, ब्रेक दाबू नका. दोन टायरांची खाच असमान असेल तर हा झटका जास्त बसतो.

चिरे किंवा आंब्याच्या पेट्या वाहणारी पिकअप खेचते.

मागचे पाटे बघा. एका बाजूचं मेन पान मोडलं की ती बाजू बसते. पाट्याचा सेंटर बोल्ट तुटला तर अक्षच मागे-पुढे सरकतो आणि गाडी तिरकी धावते. यू-बोल्टच्या नटांजवळ ताजी चमकदार घासणी दिसली तर अक्ष सरकतोय. भार एका बाजूला रचला तरी खेचते, तेव्हा रिकाम्या गाडीची टेस्ट आधी घ्या.

कोणत्या लक्षणावर गाडी चालवायचीच नाही?

चाकातून धूर किंवा करपल्याचा वास, टायरवर फुगवटा, ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग हातातून निसटेल इतका झटका, खड्ड्यानंतर एक चाक डोळ्याला तिरकं दिसणं, किंवा ब्रेक ऑइलची पातळी खाली जाणं. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका, डिस्क वाकते. सावलीत अर्धा तास थांबवा आणि टोइंग बोलवा. अशा गाडीने घाट उतरू नये.

मेकॅनिकला काय सांगावं?

"साइड मारते, अलाइनमेंट करा" असं नको. त्याऐवजी असं सांगा: "सड्यावर पन्नासच्या वेगात डावीकडे ओढते, ब्रेक न मारता. दहा किलोमीटरनंतर वाढते. पुढच्या दोनपैकी डावं चाक तापतं, उजवं नाही. टायर बदलून बघितले, फरक नाही. डाव्या कॅलिपरच्या पिना आणि ब्रॅकेटच्या पट्ट्या काढून दाखवा." पट्ट्या निघाल्यावर खालचा गंज स्वतः उभं राहून बघा.